मीडियममध्ये आधीच असलेला स्टेरॉइड: एनॅक-अल्फा प्रमोटरच्या एका प्रयोगाचे प्रकरण

(प्रयोगशाळेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि निकालाचे आकडे ठोकळ ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्याबरोबर सुमारे २५,००० मिलिमोल सोडियम. त्यातले बहुतेक सुरुवातीच्या नलिकाच परत घेतात. उरलेल्या थोड्या टक्क्यांचा हिशेब नेफ्रॉनच्या शेवटच्या भागात आणि संग्राहक नलिकेत लागतो. वाटा लहान असला तरी शरीरात मीठ किती राहणार आणि रक्तदाब कुठे स्थिरावणार, हे बरेचसे इथेच ठरते. इथले सोडियमचे दार म्हणजे एनॅक, पेशीच्या पटलातला सोडियमचा चॅनल. काटेकोर बोलायचे तर तो ट्रान्सपोर्टर नाही, चॅनल आहे; पण त्याच्या जनुकाच्या प्रमोटरचे (जनुक कधी आणि किती चालायचे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाचे) प्रश्न एनसीसी किंवा एनकेसीसी-२ या मूत्रपिंडातल्या मीठ वाहणाऱ्या ट्रान्सपोर्टरांच्या प्रमोटरांसारखेच आहेत.

एनॅकचे तीन घटक आहेत: अल्फा, बीटा आणि गॅमा. माणसात अल्फाचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर आहे, तर बीटा आणि गॅमाची जनुके १६ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवायला लावणारे संप्रेरक, वाढले की मूत्रपिंडात अल्फाचा आरएनए वाढतो आणि बीटा-गॅमा जवळपास होते तिथेच राहतात. मोठ्या आतड्यात मात्र बीटा आणि गॅमा वाढतात. संप्रेरक तेच, रिसेप्टर तोच, जनुकेही तीच, तरी निकाल उलटा. प्रमोटरचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगले आमंत्रण कुठले मिळणार?

या गटाला उंदराच्या अल्फा जनुकाच्या, म्हणजे एससीएनएन१ए च्या, वरच्या अंगाचा (सुरुवातीच्या आधीचा) सुमारे दोन हजार बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा तपासायचा होता. त्यातला कोणता भाग अल्डोस्टेरॉनला प्रतिसाद देतो हे आधी शोधायचे आणि मग माणसांत त्या भागात आढळणारे बदल एकेक करून पारखायचे, असा बेत होता. पद्धत नेहमीची: तुकडा काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एंझाइमच्या जनुकापुढे जोडायचा (ही जोडणी म्हणजे 'रिपोर्टर'), ती वाहणारे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, पेशीत घालायचे, संप्रेरक द्यायचे आणि प्रकाश मोजायचा. प्लाझ्मिड किती शिरले आणि पेशी किती मेल्या याचा हिशेब लागावा म्हणून सोबत रेनिला ल्युसिफरेजचे दुसरे प्लाझ्मिड घालायचे आणि दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर घ्यायचे.

अडचण नेमकी काय होती

पहिली फेरी हेक-२९३ पेशींत झाली. २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, दर वेलला एकूण ५०० नॅनोग्रॅम डीएनए, रिपोर्टर आणि रेनिला यांचे प्रमाण २०:१, १०० नॅनोमोलर अल्डोस्टेरॉन, २४ तास. मूळ प्रकाश रिकाम्या प्लाझ्मिडपेक्षा बराच जास्त आला, म्हणजे तुकडा चालू होता. पण अल्डोस्टेरॉन दिले काय, न दिले काय, फरक शून्य. मग अल्डोस्टेरॉनला पकडणाऱ्या मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचे प्लाझ्मिडही सोबत घातले, तेव्हा आकडा एकदम पंधरा पटींवर गेला. बैठकीत तो आलेख पाहून सगळे खूश झाले.

दुसरी फेरी एमपीकेसीसीडी पेशींत झाली. उंदराच्या कॉर्टेक्समधल्या संग्राहक नलिकेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढून त्यांतून ही पेशीरेषा तयार केलेली आहे. या पेशी गाळणीवर (बारीक छिद्रांच्या पडद्यावर) वाढवल्या तर घट्ट थर धरतात आणि सोडियम खरोखर वाहून नेतात. इथे बाहेरून रिसेप्टर घालायची गरज पडू नये, अशी अपेक्षा होती. पण तोच रिपोर्टर, तेच अल्डोस्टेरॉन, आणि वाढ जेमतेम सव्वा पट. काही दिवशी तीही नाही.

म्हणजे नावापुरत्या मूत्रपिंडाच्या पेशीत जोरदार प्रतिसाद आणि खऱ्या संग्राहक नलिकेच्या पेशीत जवळपास काहीच नाही. यातला कोणता आकडा खरा?

हेक पेशींच्या नावाबद्दल थोडे. १९७३ मध्ये लायडन इथे फ्रँक ग्रॅहम यांनी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींवर अडेनोव्हायरस-५ च्या डीएनएचे तुकडे वापरून ही रेषा मिळवली; २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. 'मूत्रपिंड' हे तिच्या जन्माचे ठिकाण आहे, स्वभाव नव्हे. तिच्यात चेतापेशींसारख्या खुणा सापडल्याचे नंतर दाखवले गेले आहे. नलिकेच्या पेशीला लागणारे अनेक नियामक प्रथिन-घटक तिथे एक तर नसतात किंवा फारच कमी असतात. त्यामुळे हेकमध्ये मिळालेले उत्तर 'हा तुकडा एवढ्या रिसेप्टरला बांधू शकतो का' या प्रश्नाचे असते. 'मूत्रपिंडात हा प्रमोटर असा वागतो का' हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर तिथे मिळत नाही.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सोपा आणि मोहात पाडणारा होता: हेक अधिक रिसेप्टर याच रचनेत पुढे जायचे. आलेख देखणे आले असते, बदलांची तुलनाही झाली असती. पण बाहेरून भरमसाट रिसेप्टर घातला की दुबळ्या जागाही बांधल्या जातात. जी जागा पेशीत कधी वापरली जात नाही ती इथे वापरली जाते. गटाने हा पर्याय मुख्य मार्ग म्हणून नाकारला, फक्त जोड-पुरावा म्हणून ठेवला. हा निर्णय योग्यच होता.

दुसरा पर्याय म्हणजे तुकडा लांब करणे. 'प्रतिसाद देणारा भाग आपल्या दोन हजार बेसच्या बाहेर असेल' हा तर्क चुकीचा नव्हता. गटाने तो निवडला आणि पाच हजार बेसचा तुकडा बांधण्यात सहा आठवडे गेले. वरच्या अंगात जी आणि सी ही अक्षरे इतकी दाट होती की पीसीआर पुन्हा पुन्हा अडकत होता. शेवटी पाच टक्के डीएमएसओ, हाय-फिडेलिटी पॉलिमरेज आणि दोन तुकड्यांत वाढवून जोडणे, एवढे केल्यावर काम झाले. लांब तुकड्याचा प्रतिसादही सव्वा पटच.

तिसरा पर्याय प्लाझ्मिड गुणसूत्रात एकाच ठरलेल्या जागी बसवण्याचा होता. तो खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने पुढे ढकलला.

चौथा पर्याय कुणालाच फारसा आकर्षक वाटला नव्हता: रिपोर्टर काही दिवस बाजूला ठेवायचा आणि पेशीच्या स्वतःच्या अल्फा जनुकाला विचारायचे. अल्डोस्टेरॉन दिल्यावर त्याचा आरएनए वाढतो का? लांब तुकडा फसल्यावर हे केले गेले. उत्तर आले सव्वा ते दीड पट. म्हणजे रिपोर्टर खोटे बोलत नव्हता. पेशीच प्रतिसाद देत नव्हती.

हे क्यूपीसीआर (आरएनए किंवा डीएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) एका दिवसाचे काम आहे. ते सहा आठवडे आधी झाले असते तर लांब तुकड्याची गरजच उरली नसती.

काय केले

मीडियमची यादी

पेशी प्रतिसाद का देत नाहीत, याचे उत्तर फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवाच्या, यादीत होते. एमपीकेसीसीडीचे रूढ मीडियम असे असते: डीएमईएम आणि हॅम्स एफ-१२ समप्रमाणात, सेलेनियम, ट्रान्सफेरिन, ग्लुटामीन, इन्शुलिन, ईजीएफ, ट्रायआयोडोथायरोनीन, हेपेस, जादा ग्लुकोज, दोन टक्के सीरम आणि ५० नॅनोमोलर डेक्सामेथासोन.

डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (कॉर्टिसॉलसारख्या स्टेरॉइडांच्या रिसेप्टरला) काही नॅनोमोलरमध्येच पकडते; ५० म्हणजे रिसेप्टर जवळपास भरलेला. आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर व मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हे दोघे डीएनएवर एकाच प्रकारच्या जागी बसतात. आदर्श जागा म्हणजे एजीएएसीए, मग कोणतीही तीन अक्षरे, मग टीजीटीटीसीटी. प्रत्यक्षातल्या जागा यापासून एक-दोन अक्षरांनी हटलेल्या असतात. अल्फाच्या प्रमोटरमध्ये अशीच जागा आहे. याचा अर्थ, अल्डोस्टेरॉन देण्याआधीच त्या जागेवर कुणीतरी बसलेले होते. 'अल्डोस्टेरॉन न दिलेले' वेल प्रत्यक्षात स्टेरॉइड दिलेले वेलच होते.

हे लक्षात का आले नाही? डेक्सामेथासोन संप्रेरक म्हणून घातले जात नव्हते. ते मीडियमच्या सप्लिमेंटच्या बाटलीत होते, आणि ती बाटली दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून गोठवून ठेवलेली होती. प्रयोगाच्या वहीत 'पूर्ण मीडियम' एवढेच लिहिलेले असायचे.

स्टेरॉइड काढणे, पण थर न मोडता

डेक्सामेथासोन सरळ काढून टाकले की झाले, असे नाही. स्टेरॉइड पेशींमधल्या घट्ट सांध्यांना आधार देते. ते तीन-चार दिवस काढून घेतले तर थर सैल होतो आणि मग पेशी संग्राहक नलिकेसारख्या वागेनाशा होतात. गटाने ठरवलेली पद्धत अशी:

पेशी १२ मिलिमीटर व्यासाच्या, ०.४ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीवर पेरल्या. पूर्ण मीडियममध्ये पाच-सहा दिवस वाढू दिल्या. रोज विद्युतरोध मोजला. मोजलेल्या ओहमना गाळणीच्या क्षेत्रफळाने, इथे १.१२ चौरस सेंटीमीटरने, गुणायचे असते. नवखे लोक भागतात, आणि आकडा पटण्याजोगा दिसतो म्हणून चूक महिनोन्महिने टिकते. रिकाम्या गाळणीचा रोध आधी वजा करायचा हेही विसरायचे नाही. रोध १,००० ओहम-चौरस सेंटीमीटरच्या वर स्थिर झाला की दोन्ही बाजू कोमट, स्टेरॉइड नसलेल्या मीडियमने तीनदा धुतल्या, मधल्या धुण्यात १५ मिनिटे इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, कारण स्टेरॉइड पेशीच्या पटलात आणि प्लास्टिकमध्येही मुरतो. नंतर २४ तास कोळशाने स्टेरॉइड काढलेले सीरम आणि डेक्सामेथासोन नसलेले मीडियम. साधे सीरम चालत नाही; त्यात गाईचे स्वतःचे कॉर्टिसॉल असते.

ईजीएफ हा वाढ-घटकही या २४ तासांसाठी काढला, कारण तो एनॅकला दाबतो. इन्शुलिनवर थोडा वाद झाला. इन्शुलिन पीआय-३ कायनेजच्या वाटेने एसजीके-१ ला चालू करते आणि एसजीके-१ अल्डोस्टेरॉनच्या वाटेवरचाच मुख्य घटक आहे. शेवटी इन्शुलिन सर्व वेलमध्ये सारखे ठेवले. ते काढून केलेली जोड-फेरी व्हायला हवी होती, ती झाली नाही.

अल्डोस्टेरॉन इथेनॉलमध्ये विरघळवलेले असते, म्हणून नियंत्रण वेललाही तेवढेच इथेनॉल; दोन्हीकडे ०.१ टक्क्यापेक्षा कमी. आणि नियंत्रण प्रत्येक वेळेसाठी वेगळे: ०, १, ३, ६, २४ तास. फक्त शून्य तासाचे नियंत्रण घेऊन पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहण्याची सवय इथे महाग पडते. डेक्सामेथासोनचा एक झटका किंवा सीरम बदलणे एवढ्यानेही कल्चरमधल्या पेशींची दैनंदिन घड्याळ-जनुके एका ठेक्यात येतात. त्यांतले पर-१ हे जनुक अल्डोस्टेरॉननेही चटकन वाढते आणि अल्फा एनॅकवर स्वतः परिणाम करते. तेव्हा सहाव्या तासाला दिसलेली वाढ संप्रेरकाची की घड्याळाची, हे त्याच वेळेच्या नियंत्रणाशिवाय कळत नाही.

कोणता रिसेप्टर?

आता स्वतःच्या जनुकाने उत्तर दिले. इंट्रॉनमधल्या (आरएनए तयार होताना छाटल्या जाणाऱ्या भागातल्या) प्रायमरांनी मोजलेला कच्चा, न छाटलेला आरएनए १०० नॅनोमोलर अल्डोस्टेरॉननंतर सहा तासांत सुमारे तिप्पट झाला. कच्चा आरएनए मोजण्याचे कारण असे की तयार आरएनएची पातळी त्याच्या आयुष्यावरही अवलंबून असते. प्रमोटर किती छापतो आहे हे कच्च्या आरएनएवरून जास्त सरळ कळते. यासाठी डीएनए नष्ट करणारे डीएनेज काळजीपूर्वक वापरावे लागते आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला हवी, नाहीतर इंट्रॉनचे प्रायमर जीनोमचाच डीएनए मोजत बसतात. संदर्भ जनुके दोन घेतली. स्टेरॉइडने ती हलत नाहीत हे आधी तपासले.

गटातल्या एकाला इथेच थांबून पुन्हा रिपोर्टरकडे वळायचे होते. दुसऱ्याने आग्रह धरला की १०० नॅनोमोलर हा आकडा आधी समजून घेऊ. रक्तात अल्डोस्टेरॉन साधारणतः एक नॅनोमोलरच्याही खाली असते. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर त्याला नॅनोमोलरच्या आसपासच पकडतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची पकड त्याहून कितीतरी सैल, पण १०० नॅनोमोलरला तोही बऱ्याच प्रमाणात भरतो.

म्हणून अल्डोस्टेरॉन १, ३, ३० आणि १०० नॅनोमोलर असे दिले आणि प्रत्येक मात्रेला तीन बाजू ठेवल्या: काहीही नाही, एक मायक्रोमोलर मिफेप्रिस्टोन, दहा मायक्रोमोलर एप्लेरेनोन. मिफेप्रिस्टोन ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवते, एप्लेरेनोन मिनरलोकॉर्टिकॉइड. स्पायरोनोलॅक्टोन स्वस्त आहे, पण ते इतर स्टेरॉइड रिसेप्टरांनाही धक्के मारते, म्हणून टाळले. १०० नॅनोमोलरचा प्रतिसाद मिफेप्रिस्टोनने जवळपास पुसला गेला आणि एप्लेरेनोनने फारसा हलला नाही. ३ नॅनोमोलरला वाढ लहान, जेमतेम दीड पट, पण ती एप्लेरेनोनने गेली.

प्रकल्पाचे शीर्षक इथे बदलावे लागले. 'अल्डोस्टेरॉनचा परिणाम' म्हणून आलेखात जे मोठे दिसत होते ते बहुतांशी ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचे काम होते. एमपीकेसीसीडीबद्दल हे अनपेक्षित नाही. उंदराचीच एमसीसीडीसीएल-१ ही पेशीरेषा कमी मात्रेला मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत जास्त चांगला प्रतिसाद देते म्हणूनच लोक तिच्याकडे वळले. गटासमोर पेशी बदलण्याचा मार्ग होता. त्यांनी पेशी त्याच ठेवल्या आणि दावा बदलला.

रेनिलाने दिलेला चकवा

रिपोर्टर पुन्हा चालवला तेव्हा गुणोत्तर साडेचार पट आले. स्वतःच्या जनुकापेक्षा जास्त. संशय यायला हवा होता तो एका विद्यार्थिनीला आला आणि तिने गुणोत्तराऐवजी कच्चे आकडे मांडले. काजव्याचा प्रकाश अडीच पट वाढला होता. रेनिलाचा मात्र स्टेरॉइड दिलेल्या वेलमध्ये जवळपास निम्म्यावर आला होता. भाजक घटला म्हणून गुणोत्तर फुगले.

रेनिलाच्या प्लाझ्मिडलाही प्रमोटर असतोच, टीके किंवा एसव्ही-४० किंवा सीएमव्ही, आणि तोही पेशीतल्या बदलांना उत्तर देतो. स्टेरॉइडच्या प्रयोगांत हा चकवा नवा नाही. गटाने तीन वेगवेगळे रेनिला-प्लाझ्मिड स्टेरॉइडसह आणि स्टेरॉइडविना चालवून पाहिले, सर्वांत कमी हलणारे ठेवले, आणि प्रत्येक प्रयोगात प्रमोटर नसलेले काजव्याचे प्लाझ्मिडही त्याच सगळ्या स्थितींत चालवले. जुन्या व्हेक्टरांच्या (प्लाझ्मिडांच्या) कण्यातच नियामक जागा दडलेल्या असतात, त्या इथे पकडल्या जातात. शिवाय काही वेलमधून डीएनए काढून प्लाझ्मिड किती शिरले हे क्यूपीसीआरने ताडले. हे नेहमी करणे शक्य नसते, पण एकदा केले की विश्वास बसतो.

याच टप्प्यावर क्लोनिंगमधली एक जुनी चूकही सापडली. तुकड्याचे खालचे टोक जनुकाच्या स्वतःच्या एटीजीपलीकडे (प्रथिन बनवणे जिथे सुरू होते त्या तीन अक्षरांपलीकडे) थोडे गेले होते आणि तो एटीजी ल्युसिफरेजच्या चौकटीत नव्हता. रायबोसोम आधी तिथे चढायचा आणि ल्युसिफरेज कमी बनायचे. त्यामुळे सगळ्याच वेलचा प्रकाश कमी येत होता, तोही वेलवेलला थोडा वेगळा. अल्फा जनुकाला पर्यायी पहिले एक्झॉन असल्याने सुरुवात नेमकी कुठे, हा प्रश्न इथे सोपा नसतो. आपल्या पेशीत कोणती सुरुवात चालते हे आरएनएचे पाच-प्राइम (सुरुवातीचे) टोक ओळखून ठरवायचे आणि तुकडा एटीजीच्या आधी तोडायचा.

जागा मोडून पाहणे

दुरुस्त रिपोर्टरमध्ये स्टेरॉइडने प्रकाश सुमारे सव्वादोन पट वाढत होता. मग बांधणीच्या जागेतली चार अक्षरे बदलली. निवडताना नवीन जागा नकळत तयार होत नाही ना, हे पाहिले. आणि जागा पूर्ण कापून टाकली नाही, कारण कापल्याने दोन्हीकडच्या घटकांमधले अंतर बदलते. प्रतिसाद गेला. मूळ प्रकाशही किंचित खाली आला, पण फार नाही. म्हणजे जागा मुख्यत्वे संप्रेरकासाठी होती. पेशीला 'तू संग्राहक नलिकेची' असे सांगणारे काम दुसरीकडे होत असावे.

प्लाझ्मिडच्या उत्तराला एक मर्यादा आहे. गुणसूत्रावर हा प्रमोटर हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. अल्फा एनॅकच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण उंदराच्या आयएमसीडी-३ या संग्राहक नलिकेच्या पेशींत डॉट-१ए आणि एएफ-९ या प्रथिनांच्या जोडीने हिस्टोन एच-३ च्या ७९ व्या लायसीनवर मिथाइल गट लावून हा प्रमोटर दाबून ठेवल्याचे आणि अल्डोस्टेरॉनने एसजीके-१ मार्फत एएफ-९ वर फॉस्फेट बसून तो दाब सुटल्याचे दाखवले गेले आहे. म्हणजे वाढीचा एक भाग 'चालू करण्या'चा आणि दुसरा 'दाब काढण्या'चा. अर्धवट हिस्टोन लागलेल्या प्लाझ्मिडवर हा दुसरा भाग नीट दिसतच नाही.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन (एखादे प्रथिन डीएनएवर कुठे बसले आहे ते पाहण्याची पद्धत): एक टक्का फॉर्मल्डिहाइड दहा मिनिटे, १२५ मिलिमोलर ग्लायसीनने थांबवणे, २०० ते ५०० बेसच्या तुकड्यांपर्यंत सोनिकेशन. पर-१ आणि एफकेबीपी-५ यांच्या ओळखीच्या जागा खात्रीसाठी, आणि कोणतेही जनुक जवळ नसलेला एक भाग नकारात्मक नियंत्रणासाठी. स्टेरॉइड दिल्यावर एका तासात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अल्फाच्या जागेवर आला. डेक्सामेथासोन असलेल्या जुन्या मीडियममध्ये तो आधीपासूनच तिथे होता. तिथे वर अल्डोस्टेरॉन दिल्याने काही फरक पडला नाही. पहिल्या सहा आठवड्यांचा उलगडा या एका पट्टीत झाला.

दोन, क्रिस्परने (डीएनए ठरावीक ठिकाणी कापून बदलण्याच्या तंत्राने) गुणसूत्रातली जागाच मोडली. सुरुवातीला कुणीतरी डीकॅस-९ ला (डीएनएवर बसणाऱ्या पण न कापणाऱ्या क्रिस्पर-प्रथिनाला) जनुक दाबणारा क्रॅब हा घटक जोडून ती जागा झाकण्याचे सुचवले होते. सोपे होते, पण क्रॅबचा दाब आजूबाजूला पसरतो. जागा जनुकाच्या सुरुवातीजवळ असल्याने सगळा प्रमोटरच बंद पडला असता आणि त्यातून जागेबद्दल काहीच कळले नसते. हा पर्याय नाकारला ते बरे झाले. मोडलेल्या जागेचे तीन स्वतंत्र क्लोन, आणि क्रिस्परच्या सगळ्या प्रक्रियेतून गेलेले पण न मोडलेले तीन क्लोन, असे घेतले. एकेका पेशीपासून वाढवलेले क्लोन आपापसांतच वेगळे असतात. मूळ मिश्र पेशींशी तुलना करून चालत नाही.

निष्पत्ती

तीनपैकी दोन मोडलेल्या क्लोनांत स्टेरॉइडचा प्रतिसाद जवळपास गेला. तिसऱ्यात अर्धा उरला. त्या क्लोनचे दोन्ही अलील (जनुकाच्या दोन्ही प्रती) पुन्हा वाचले; दोन्ही मोडलेलेच होते. म्हणजे एक तर त्या पेशींत दूरची दुसरी एखादी जागा काम करते, किंवा एएफ-९ ची वाट तिथे जास्त मोकळी आहे. गटाने तो क्लोन निकालातून वगळला नाही, तीनही स्वतंत्र ठिपके आलेखात ठेवले. सर्व आकडे वेगवेगळ्या दिवशीच्या स्वतंत्र प्रयोगांचे धरले. एका दिवशीचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

'अल्डोस्टेरॉन मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत अल्फाचा प्रमोटर चालू करते' हे वाक्य मसुद्यातून गेले. त्याजागी आले: या पेशीरेषेत स्टेरॉइडचा मोठा प्रतिसाद ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत याच जागेवरून येतो, शरीरातल्या मात्रेजवळ मिनरलोकॉर्टिकॉइडचा प्रतिसाद आहे, पण लहान. माणसांतल्या बदलांची चाचणी पुढच्या टप्प्यात ढकलली गेली आणि तिच्यासाठी पेशीही बदलायचे ठरले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा तोटा क्रमाचा झाला. रिपोर्टर बांधण्याआधी, निवडलेल्या पेशीत, निवडलेल्या मीडियममध्ये, पेशीचे स्वतःचे जनुक प्रतिसाद देते का हे पाहायला हवे होते. एक गाळणी-प्लेट, दोन मात्रा, तीन वेळा, कच्चा आरएनए: आठवड्याभराचे काम. ते नकारार्थी आले की क्लोनिंगच सुरू करायचे नाही. आधी पेशी किंवा मीडियम दुरुस्त करायचे.

हेक पेशींतला पंधरा पटींचा आलेख बैठकीत दाखवायलाच हरकत होती. त्याने गटाच्या डोक्यात एक अपेक्षित आकडा बसवला आणि पुढचे खरे, लहान आकडे सगळ्यांना 'बिघाड' वाटू लागले.

प्रोटोकॉलमध्ये 'पूर्ण मीडियम' हा शब्द बंद करायला हवा होता. आता वहीत प्रत्येक घटक, त्याची मात्रा आणि सप्लिमेंटची बाटली कधी बनवली ती तारीख लिहिली जाते. स्टेरॉइड असलेले आणि नसलेले मीडियम वेगळ्या रंगाच्या झाकणांच्या बाटल्यांत ठेवतात. साधी गोष्ट आहे, पण रात्री उशिरा पेशी धुताना झाकणाचाच रंग डोळ्यांना आधी दिसतो.

कच्चे आकडे न पाहता गुणोत्तर घेणे ही सवय मोडली पाहिजे. काजव्याचा आणि रेनिलाचा आलेख शेजारी-शेजारी मांडला असता तर पहिल्याच दिवशी चकवा कळला असता.

एका बाबतीत मतभेद अजून आहे. एमपीकेसीसीडी सोडून सुरुवातीलाच एमसीसीडीसीएल-१ घ्यायला हवी होती का? मिनरलोकॉर्टिकॉइडचा प्रश्न असता तर हो. पण या गटाकडे त्या पेशींचा अनुभव नव्हता, आणि नव्या पेशीरेषेला गाळणीवर स्थिर वाढवायला दोन-तीन महिने सहज जातात. चुकीच्या पेशीत बरोबर नियंत्रणे लावून मिळालेले उत्तर नक्कीच उपयोगी ठरले. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. उरलेल्या गोठवलेल्या कुप्यांवर आता 'ग्लुकोकॉर्टिकॉइडसाठी' अशी चिठ्ठी लावलेली आहे.